सोबतीची बाटली

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. दुपारचे ३ वाजून ४० मिनिटे. नळ्यांमधल्या पाण्याला निळा रंग चढायची वाट पाहत बसलो आहे.

मंगलताई,

पत्राच्या वरती काय लिहायची रीत आहे ते लिहून पाहिलं आणि तो कागद बाजूला ठेवला. चार वर्षांनी लिहिणाऱ्याने काय लिहावं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा सरळ लिहितो.

आज सकाळी साडेअकराला कुरियरवाल्याने थर्माकोलचं खोकं आणून ठेवलं. आत बर्फाच्या पिशव्यांमध्ये पंचवीस बाटल्या. मी झाकणांवरचे आकडे वहीत उतरवत होतो. सातव्या बाटलीपाशी हात थांबला. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. तू दारामागच्या भिंतीवर कोळशाने हिरड्याच्या पोत्यांचा हिशेब लिहायचीस तेव्हाही सातला अशीच रेघ मारायचीस, म्हणजे व्यापाऱ्याने त्याचा एक करू नये. सोबतचा कागद उलटून पाहिला. नमुने घेणाऱ्याच्या जागी तुझं नाव होतं.

तुला ठाऊक नसेल. मी तीन वर्षं नारायणगावात आहे. जुन्नरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षापर्यंत गेलो, पुढे गेलो नाही. दादाभाऊंच्या प्रयोगशाळेत लागलो. द्राक्षवाले पानांचे देठ आणतात, टोमॅटोवाले माती आणि बोअरचं पाणी आणतात. त्यात नायट्रेट किती, फॉस्फेट किती, ते मोजून द्यायचं. आता तुमच्या संस्थेचं काम आलं आहे. तुम्ही बोटीवर समुद्राच्या पाण्याच्या प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करता. एक तुम्ही तिथेच मोजता, दुसरा बाहेरच्या कुणाकडून तरी मोजून घेता. दोन्ही आकडे जुळले तर आकडा खरा. त्या बाहेरच्यांमध्ये मी आहे.

हे पत्र पाठवता येणार नाही. मोजणाऱ्याने पाठवणाऱ्याशी बोलायचं नाही असा नियम आहे. खणात ठेवीन.

आईचा गुडघा थंडीत धरतो. अण्णा पहाटे उठून अजून तसेच खोकतात. तुझं नाव निघालं की एवढंच म्हणतात, "त्या दिशी ती आलीच न्हाई." मी तेव्हा उठून बाहेर जातो.

रंग चढला. ३.५५ झाले.

रामनाथ


शनिवार, २२ फेब्रुवारी. सकाळचे १० वाजून १५ मिनिटे. फ्रीजरचं तापमान लिहून झालं, उणे वीस.

ताई,

मध्ये फ्रीजर बिघडला होता. काळजीचं काही नाही. नोंद म्हणून लिहितो.

बुधवारी शिवजयंती. आम्हाला सुटी होती, तरी मी सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला तापमान लिहायला येतो. नऊला पाहिलं तर काटा उणे चारवर आलेला. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, शिवनेरीपायी सगळा रोड पॅक हाये. मी जुन्नरातच आडाकलोय. गर्दी वसरली की येतो." म्हणजे दोन दिवस.

मग मी खोकं मोटारसायकलला बांधलं आणि सूरजकडे गेलो. सूरज माझ्याबरोबर कॉलेजात होता, आता द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज सांभाळतो. सध्या तोड जोरात आहे, दारात पिकअपची रांग. तो म्हणाला, "समुद्राचं पाणी? मासं बी हायेत का काय आत?"

मी म्हणालो, "नुसतं पाणी आहे. दोन दिवस."

"ठेव की राव. माझ्या द्राक्षांना तुझ्या पाण्याची बाधा नाय झाली म्हंजी झालं."

काल फ्रीजर चालू झाला, बाटल्या परत आणल्या. पंचवीसच्या पंचवीस. मोजून घेतल्या.

सगळं ठीक आहे.

रामनाथ


शुक्रवार, २८ फेब्रुवारी. संध्याकाळचे ५ वाजून ५ मिनिटे. तुमचा अहवाल पाठवून झाला.

ताई,

चार दिवस तुझ्या बाटल्या मोजत होतो. वरच्या पाण्यात नायट्रेट जवळजवळ नाही आणि खाली जावं तसं वाढत जातं. मला आपली डोंगराकडची खाचरं आठवली. वरच्या खाचरातला कस वाहून खाली येतो, म्हणून अण्णा खालचं खाचर कुणाला देत नाहीत. हजार मीटरवरच्या तुझ्या बाटलीत सर्वांत जास्त निघालं. इतक्या खोलवरून तू पाणी वर आणतेस, आणि मी इथे बसस्टँडच्या मागे ते मोजतो.

काम नीट केलं. दर दहा नमुन्यांमागे एकदा माहीत असलेलं पाणी मोजायचं, म्हणजे ज्यात किती काय आहे ते आधीच ठाऊक आहे असं. त्याचा आकडा तक्त्यावर टिंब म्हणून मांडायचा. मधल्या रेघेच्या वर दोन रेघा, खाली दोन रेघा. टिंब त्यांच्या आत राहिलं तर पुढे जायचं. माझं एकही टिंब बाहेर गेलं नाही. दादाभाऊंनी तक्ता पाहून म्हटलं, "रामनाथ, हे तर फ्रेम करून लावायला पाहिजे."

पंचविसावी, सोबतीची बाटली मोजली नाही. झाकणातून गळाली होती. वहीत तसं लिहिलं आहे.

रामनाथ


शनिवार, ८ मार्च. दुपारचे १२ वाजून ३० मिनिटे. तुझा ई-मेल तिसऱ्यांदा वाचला.

ताई,

तुझा म्हणजे प्रयोगशाळेला आलेला. "संबंधित विश्लेषक यांस" अशी सुरुवात. इंग्रजीत आहे, पण वाचताना मला तुझा आवाज ऐकू येत होता. आधी चांगलं बोलायचं, मग नेमकं दुखतं तिथे बोट ठेवायचं.

तू लिहिलं आहेस की नायट्रेट आणि फॉस्फेट जुळतात. अमोनिया जुळत नाही. बोटीवर तुला ०.२ मिळालं, आमच्याकडे ३.१. सगळ्या चोवीस बाटल्यांत थोड्याफार फरकाने असंच. आणि तू विचारलं आहेस की सोबतीच्या बाटलीचं काय झालं.

दादाभाऊ तुमच्या साहेबांशी फोनवर बोलले. मी शेजारीच उभा होतो. साहेबांना आमचा तक्ता पटला आहे. बाहेरच्या प्रयोगशाळेची सगळी टिंबं रेघेत आहेत, म्हणजे चूक बोटीवर मोजणारीची, असं त्यांचं मत. २९ मार्चला जी बोट निघणार आहे तिच्यावर तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवायचं असा विचार चालला आहे. बावन्न दिवसांची फेरी, आणि तू दोन वर्षं तिची वाट पाहते आहेस, हेही ते म्हणाले.

फोन ठेवून दादाभाऊ म्हणाले, "आपला तक्ता सरळ आहे ना?"

"आहे."

"मग झालं. पोरीची चूक पोरगी निस्तरंल. तू कशाला तोंड पाडून बसलाय?"

मी तोंड पाडून बसलो नव्हतो. हे तुला सांगायला हवं, पण आज नाही सांगत.

काल घरी गेलो होतो. आई चुलीपुढे बसून विचारत होती, "आवंदा जत्रंला मंगल येती का रं? कुणाकडनं तरी इचार ना." चैत्रातली जत्रा एप्रिलमध्ये आहे. मी म्हणालो, "येईल, आई. यंदा येईलही."

असं का म्हणालो ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

रामनाथ


गुरुवार, १३ मार्च, होळी. सकाळचे ११. प्रयोगशाळेत एकटाच आहे.

ताई,

वहीत चूक झाली तर ती गिरगटायची नाही, असं आम्हाला शिकवतात. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. मी मागची पत्रं फाडणार नाही. त्यांच्यावर रेघ मारतो.

२२ फेब्रुवारीच्या पत्रात "सगळं ठीक आहे" लिहिलं. ते खोटं. द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज शून्य अंशावर असतं. त्यात समुद्राचं पाणी गोठून राहत नाही. परत आणताना बाटल्यांमध्ये पाणी हलल्याचा आवाज येत होता. ते मी तसंच पुन्हा गोठवलं. दुसरं, तिथे थंडी अमोनियाच्या वायूने होते. नळाच्या जोडांमधून थोडा वास कायम येतो. सूरजला तो येईनासा झाला आहे. मला आला होता. चुना-नवसागर चोळल्यावर येतो तसा. खोकं ठेवताना डोळे चुरचुरले होते. मी म्हटलं, झाकणं लावलेली आहेत. पण गोठताना पाणी फुगतं आणि झाकणं सैल होतात, हे मला माहीत होतं.

२८ फेब्रुवारीच्या पत्रात सोबतीची बाटली गळाली असं लिहिलं. ती गळाली नव्हती. तू तिच्यात नुसतं शुद्ध पाणी भरतेस, आणि ती बाकीच्या बाटल्यांबरोबर सगळीकडे जाते. तिच्यात काही सापडलं तर ते समुद्रातलं नाही, वाटेतलं, हे कळावं म्हणून. मी ती मोजली. तिच्यात २.९ निघालं. शून्याजवळ यायला हवं होतं. मी आकड्याची पट्टी यंत्रातून फाडली, कॅलेंडरच्या मागे खोचली आणि वहीत "गळती" लिहिलं.

३.१ मधून २.९ गेले की ०.२ राहतात. तुझा आकडा. हे मला २७ तारखेपासून ठाऊक आहे.

तक्त्यावर काही दिसलं नाही, कारण माहीत असलेलं पाणी आमच्याच कपाटात होतं. ते सूरजकडे गेलंच नव्हतं. तक्ता सांगत होता की यंत्र बरोबर आहे, आणि ते खरंच होतं.

आधी भीतीने गप्प बसलो. सुटीच्या दिवशी कुणाला न विचारता नमुने बाहेर नेले, नोकरी जाईल, ही भीती. पण ८ तारखेला ती भीती राहिली नाही. साहेब म्हणाले मंगलला बोटीवर पाठवत नाही, आणि मला आनंद झाला. तू समुद्रावर गेली नाहीस तर जत्रेला येशील. बोट चुकली की घर आठवेल. पाच दिवस मी त्या आनंदात जेवलो आहे.

आणखी एक आहे. तुझी वाट चुकवण्याची ही माझी पहिली वेळ नाही.

तू नोकरी घेतलीस आणि अण्णांनी ठरवलेल्या स्थळाला नाही म्हणालीस, त्या रविवारी त्याच स्थळाकडचे पाहुणे घरात बसले होते. तुझा फोन आला होता की पाचच्या गाडीने येते, समोर बसून बोलते. अण्णांनी मला घोडेगावच्या स्टँडवर पाठवलं. काय सांगून पाठवलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "जा, तिला घिऊन ये. वाटंत काय बोलू नको. रागवायचं ते म्या रागवीन, पण घरात."

मला घरात होणाऱ्या भांडणाची भीती वाटली. लोकांसमोर अण्णांचा आवाज चढला की मी गोठ्यात जाऊन बसतो, तुला माहीत आहे. स्टँडवर तू हातात पिशवी घेऊन उतरलीस आणि मी म्हणालो, "अण्णा म्हणाले, उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको."

ते अण्णा म्हणाले नव्हते. मी म्हणालो होतो.

आईसाठी आणलेली पिशवी माझ्याकडे दिलीस आणि त्याच गाडीने उलट गेलीस. पिशवीत लुगडं होतं आणि आल्याच्या वड्या होत्या. वड्या मी स्टँडवरच भिकाऱ्याला दिल्या. लुगडं आईला दुसऱ्या वर्षी मी घेतलं म्हणून दिलं. घरी जाऊन सांगितलं, "ताई गाडीत नव्हती." म्हणून अण्णा म्हणतात की ती आलीच नाही. त्यांना खरंच तसं वाटतं.

खाली सही आणि तारीख टाकतो.

रामनाथ सावळेराम, १३/३/२५


मंगळवार, १८ मार्च. दुपारचे २ वाजून २० मिनिटे. नव्या बाटल्या धुतोय. मध्ये हात पुसून लिहितो.

ताई,

शनिवारी दादाभाऊंपुढे कॅलेंडरमागची पट्टी ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पाहिली, चष्मा काढला.

"हे काय?"

मी सगळं सांगितलं. सूरजकडचंही.

"तुला कुणी सांगितलं व्हतं नमुने बाहेर न्यायला?"

"कुणी नाही."

"मग आता कुणी सांगितलं हे भाईर काढायला?" ते उठून खिडकीशी गेले. "लेका, माझ्या भिंतीवर सर्टिफिकेट हाये. द्राक्षवाले ते बघून येत्यात. उद्या म्हणतील, ह्यांच्याकडं बाटल्या द्राक्षांत ठेवत्यात."

मी म्हणालो, "त्या मुलीची बोट जाईल."

"तुझी कोण लागती ती?"

"बहीण."

ते खिडकीपासून परत आले. मग म्हणाले, "तीन वरसं तू माझ्याकडं हाये. तुला बहीण हाये हे आज कळतंय मला."

मला काढलं नाही. म्हणाले, दुसरा मोजणारा कुठून आणू. पण अमोनियाच्या चाचण्यांचे पैसे संस्थेला परत करावे लागतील, ते माझ्या पगारातून. आणि नुसत्या शब्दावर पत्र लिहायचं नाही, दाखवायचं. ते त्यांचं बरोबर आहे. पट्टी एकच आहे आणि ती लपवणारा मीच.

म्हणून बारा नव्या बाटल्या आणल्या. बाराहींत एकच शुद्ध पाणी भरायचं आणि तुझ्यासारखंच गोठवायचं. सहा आमच्या फ्रीजरमध्ये, सहा सूरजकडे, त्याच कोपऱ्यात, दोन दिवस. मग सगळ्या मोजायच्या.

सूरज म्हणाला, "म्हंजी माझा कारखाना गळतोय, असंच शाबीत करणार ना तू?"

"हो."

"कर बाबा. शेठला मी चार महिनं झालं सांगतोय जोड बदला म्हणून. तुझा कागद मलाबी दे एक."

रामनाथ


बुधवार, २६ मार्च. सकाळचे ९ वाजून ५० मिनिटे. पोस्ट उघडायची वाट पाहतो आहे.

ताई,

आमच्या फ्रीजरमधल्या सहांत ०.१. सूरजकडच्या सहांत २.४ ते २.८. शनिवारी पत्र तयार केलं. नमुने कुठे, किती वेळ होते, वितळले होते, सोबतीच्या बाटलीचा खरा आकडा, तो वहीत का नव्हता. शेवटच्या प्रश्नाला "विश्लेषकाने लपवला" असं लिहिलं. दादाभाऊ म्हणाले, "राहिला असं लिही." मी म्हणालो, राहिला नव्हता. त्यांनी सही केली.

काल दुपारी तुमचं उत्तर आलं. अमोनियाचे आमचे आकडे रद्द. नमुने वितळले होते म्हणून बाकीच्यांवरही शंकेची खूण. बोटीवरची मोजणी ग्राह्य. २९ तारखेच्या फेरीच्या यादीत तुझं नाव कायम. खाली तुझी सही. आमच्या पत्रावर विश्लेषक म्हणून रा. सा. एवढंच होतं. हा कोण, हे तू विचारलेलं नाहीस. तू ओळखलंस की नाही, ते मला त्या चार ओळींवरून ठरवता येत नाही. खूप वेळा वाचून पाहिलं.

आता काम संपलं, नियमही संपला. म्हणून ही सगळी पत्रं एकत्र पाठवतो आहे. बोट सुटण्याआधी मिळतील असं पोस्टातला माणूस म्हणतो, पण खात्री देत नाही. बावन्न दिवसांनी मिळाली तरी चालतील. मला तू यायला हवी आहेस. रोज हवी आहेस. पण बोट चुकल्यामुळे आलेली नको.

रविवारी घरी गेलो. अण्णा अंगणात दाव्याला पीळ घालत होते. आई सूप घेऊन बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. स्टँडवर काय म्हणालो, घरी येऊन काय म्हणालो, लुगड्याचं, वड्यांचं.

आईने सूप खाली ठेवलं. "म्हंजी लुगडं तिचं व्हतं?"

"हो."

"मला वाटलंच व्हतं. तुला कुठला रंग कळतोय?" एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून आत गेली.

अण्णांचा हात थांबला नाही. दावं पुरं होईपर्यंत ते पीळ घालत राहिले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. शेवटची गाठ मारून ते म्हणाले, "म्हंजी ती आली व्हती."

"आली होती."

"पिशवी घिऊन?"

"हो."

"चार वरसं म्या लोकांत बसून तिला नावं ठिवली." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू व्हय म्होरनं."

मी आजवर त्यांना रडताना पाहिलेलं नाही. तेव्हाही पाहिलं नाही, मी बाजूला झालो होतो. संध्याकाळी गाडीपर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. गाडी आल्यावर खिशातून रुमाल काढला आणि त्यातले पैसे माझ्या हातावर मोजले.

पोस्ट उघडलं. तुला हिशेब लागतो म्हणून खाली देतो.

खर्च, माझा:
शुद्ध पाणी, वीस लिटर: ₹३००
बाटल्या, बारा: ₹५४०
रसायनं, दादाभाऊंनी लावली ती: ₹१,१००
पेट्रोल: ₹२००
हे पाकीट, स्पीड पोस्टने: ₹७०
एकूण: ₹२,२१०

देणे:
सूरजला: काही नाही. त्याने घेतले नाहीत.
दादाभाऊंना: ₹९,६००. दरमहा ₹८००, बारा महिने.
तुला: ₹१,५००. अण्णांनी दिलेले, तुझ्या गाडीभाड्याचे. माझ्याकडे वेगळे ठेवले आहेत. येण्याचे साडेसातशे. परत जाण्याचे साडेसातशे, ते त्यांनी आपणहून मोजले.